दोन वर्षं छान चाललेली हॉर्मोनची गोळी अचानक चालेनाशी का होते?

सुमेधा_लोकमान्यनगर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसलेय कारण डोक्यात एकच प्रश्न फिरतोय आणि घरात कोणाला विचारायची सोय नाही.

माझी मावशी, वय ६३, इथेच इंदूरला आमच्या मागच्या गल्लीत राहते. २०१६ ला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग किमो, शेक, आणि पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनची गोळी. २०२१ ला गोळी बंद झाली तेव्हा तिनं पूर्ण गल्लीत पेढे वाटले होते. २०२३ ला कंबर धरली, आम्ही म्हटलं वय झालं, संधिवात असेल, आणि निघालं हाडात पसरलेलं. तेव्हापासून लेट्रोझोल ही दुसरी हॉर्मोनची गोळी आणि सोबत पॅल्बोसिक्लिब, ती पेशींची वाढ रोखणारी. आणि खरं सांगते, त्या गोळ्यांनी माणूस परत उभं केलं. जिने चढायला लागली, मागच्या गणपतीत एकटीनं ४१ मोदक वळले.

आता मागच्या महिन्यात पेट स्कॅन झाला. खुब्यात नवीन डाग आणि यकृतात एक लहानसा. डॉक्टर म्हणाले औषधाला रेझिस्टन्स आलाय, म्हणजे औषध आता लागू पडत नाही. मी विचारलं का आला, तर म्हणाले असं होतं, आणि पुढचा पेशंट आत आला. त्यांची पण चूक नाही, बाहेर पन्नास माणसं बसलेली होती. पण "असं होतं" हे घेऊन मी घरी काय जाऊ?

मावशी गोळीच्या बाबतीत घड्याळ आहे. रात्री नऊला गोळी आणि कालनिर्णयवर लाल पेनानं खूण. पूर्ण दोन वर्षांत एकदा ओंकारेश्वरला गेलो तेव्हा डबी घरी राहिली आणि दोन दिवस लेट्रोझोल चुकली. आता ती रोज तेच घेऊन बसलीये की माझ्या त्या दोन दिवसांनी सगळं बिघडलं. नातेवाईक त्यात भर घालतात. एक म्हणे सोयाबीन खाल्लं असेल, एक म्हणे दुकानदारानं कंपनी बदलली, एक म्हणे मनात राग ठेवते म्हणून. मला कोणीतरी नीट सांगा हे नक्की होतं कशानं. मला तिला सांगायचंय.

छप्पन
ताई, वाचून गलबललं. माहिती काही नाही माझ्याकडे, पण गाडी लागली, रिपोर्ट आणायला माणूस लागला तर निरोप टाका. पलासियालाच असतो.

दवाबाजार
सुमेधाताई, मी डॉक्टर नाही, तीस वर्षं औषधांच्या धंद्यात आहे, तेवढ्यापुरतंच बोलतो.

आधी ते दोन दिवस डोक्यातून काढा. लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅमची गोळी असते, पण ती शरीरात रेंगाळते. अर्धं औषध बाहेर पडायलाच साधारण दोन दिवस लागतात. म्हणजे तुम्ही ओंकारेश्वरहून परत आलात तेव्हाही मावशींच्या रक्तात जवळजवळ निम्मं औषध होतंच. दोन वर्षं रोज घेणाऱ्या बाईचे दोन दिवस म्हणजे काहीच नाही हो.

हा गैरसमज येतो कुठून तेही सांगतो. टीबीमुळे. आपल्याकडे प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या आणि मग त्याला औषध लागू पडेना असं झालेलं आहे. दवाखान्यात भिंतीवर पाट्या असतात, डोस चुकवू नका, नाहीतर औषध काम करणार नाही. टीबीसाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. पण तेच गणित लोक इथे लावतात आणि इथे ते तसं नाही. इथे ज्या बाईनं एकही गोळी चुकवली नाही तिच्यातही रेझिस्टन्स येतो. उलट औषधानं बराच काळ नीट दाबून धरलं, म्हणूनच तो अशा रूपात येतो.

कंपनी बदलली त्याबद्दल. लेट्रोझोलच्या आपल्याकडे पुष्कळ कंपन्या आहेत, औषध तेच. बिल आणि बॅच नंबर असलेली गोळी असेल तर त्यावर शंका घेऊन झोप घालवू नका.

एकच खरी गोष्ट आहे, पण ती टॅमॉक्सिफेनची. ती गोळी पोटात गेल्यावर लिव्हर तिचं एन्डॉक्सिफेन बनवतं आणि खरा जोर त्यात असतो. काही डिप्रेशनच्या गोळ्या, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, लिव्हरचं तेच एन्झाइम अडवतात. म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असताना मनाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवायच्या, ते दुसरी देतात. लेट्रोझोलला ही भानगड नाही.

सुमेधा_लोकमान्यनगर
काका, टीबीचं तुम्ही म्हणालात ते अगदी तसंच आहे! मावशीच्या सासऱ्यांना टीबी होता आणि गोळ्या सोडल्यानं ते गेले असं त्या घरात कायम बोललं जातं. ती तिथूनच धरून बसली असणार.

निसर्गमित्र
माझं मत कदाचित आवडणार नाही पण मांडतो. ह्या गोळ्या शरीरातलं नैसर्गिक हॉर्मोन बंद करतात. निसर्गाच्या विरुद्ध इतकी वर्षं गेल्यावर शरीर कधीतरी उलटणारच. माझ्या वहिनीनं ऑपरेशननंतर एक वर्षात गोळी सोडली, काढे आणि योग सुरू केला, आज चार वर्षं झाली, ठणठणीत आहे. प्रत्येकानं विचार करावा.

वॉर्ड_सिस्टर
निसर्गमित्र, वहिनी बऱ्या आहेत ह्याचा मनापासून आनंद आहे. पण इथे वाचून कोणी गोळी सोडली तर? म्हणून स्पष्ट लिहिते.

वहिनींचं ऑपरेशन झालंय, म्हणजे मुख्य गाठ गेलीच आहे. पुष्कळ बायका निव्वळ ऑपरेशननंसुद्धा बऱ्या राहतात, गोळी असते ती उरलेल्या धोक्यासाठी. आणि हॉर्मोनवाल्या कॅन्सरची खोड अशी की तो घाईत नसतो. त्याच्या काही पेशी हाडाच्या मगजात वगैरे जाऊन झोपून राहतात, वाढत नाहीत, मरतही नाहीत. २०१७ ला साठ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास आला होता. पाच वर्षं गोळी घेऊन बंद केलेल्यांचा तो अभ्यास, आणि त्यात पुढे पार विसाव्या वर्षापर्यंत आजार परतत राहिलेला दिसला, दर वर्षी थोडा थोडा. त्यामुळे चार वर्षं हा काही निकाल नाही. वहिनींना म्हणावं योग करा, काढा डॉक्टरांना सांगून घ्या, पण एकदा जाऊन गोळीबद्दल बोलून या. मी वॉर्डात खूप जणींना "फार उशीर केला हो सिस्टर" म्हणताना ऐकलंय.

बडोद्याची_सई
सुमेधा, मी बडोद्याला बायोकेमिस्ट्री शिकले आणि आता औषध संशोधनात काम करते. मूळ "का" बद्दल लिहिते. थोडं लांब होईल, चहा घेऊन बस.

स्तनाच्या कॅन्सरपैकी जगभरात साधारण ७० टक्के असे असतात की त्यांच्या पेशींत इस्ट्रोजेन ओळखणारं एक प्रथिन भरपूर असतं. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह लिहितात ते हेच. हे प्रथिन शिकागोत एलवूड जेन्सन ह्यांनी १९५८ च्या सुमारास शोधलं. ते काम कसं करतं, तर आपल्याकडचा पितळी डबा डोळ्यांसमोर आण, कडीचा. डबा रिकामा असतो तेव्हा झाकण उघडं लोंबतं. इस्ट्रोजेन आत जाऊन बसलं की झाकण बरोब्बर बंद होतं. आणि त्या बंद झाकणावरच बाकीची प्रथिनं येऊन बसतात आणि पेशीला सांगतात, वाढ, दोनाच्या चार हो. झाकण उघडं असेल तर त्यांना बसायला जागाच नाही.

आता औषधं. टॅमॉक्सिफेन त्याच डब्यात जाऊन बसतं, पण त्याला एक लांब शेपूट आहे, ते बाहेर राहतं, त्यामुळे झाकण लागत नाही. लेट्रोझोल डब्याला हातच लावत नाही. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन अंडाशयात बनत नाही, चरबीत वगैरे अरोमाटेज नावाच्या एन्झाइमनं बनतं, लेट्रोझोल ते एन्झाइमच बंद करतं. म्हणजे डब्यात टाकायला माल नाही. दोन्ही औषधांचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे, की आत इस्ट्रोजेन बसल्याशिवाय झाकण लागणार नाही.

आणि नेमका इथेच घात होतो. हे प्रथिन म्हणजे ५९५ मण्यांची माळ आहे असं समज, मणी म्हणजे अमिनो आम्लं. कोट्यवधी पेशी विभागत असताना कुठल्यातरी एका पेशीत त्यातला ५३७ वा किंवा ५३८ वा मणी बदलतो. फक्त एक. तो मणी झाकणाच्या बिजागरीशी आहे. तो बदलला की झाकण आपोआप लागतं, इस्ट्रोजेन असो नसो. आता तू लेट्रोझोल कितीही वेळेवर घे, त्या पेशीला फरक पडत नाही, तिला माल लागतच नाही. बाकीच्या पेशी उपाशी आहेत, ही एकटी वाढतेय. दोन वर्षांत तिची पिलावळ एवढी होते की स्कॅनवर दिसायला लागते.

ह्या बदलांना ईएसआर-वन म्यूटेशन म्हणतात. एखाददुसरं उदाहरण १९९७ लाच दिसलं होतं पण कोणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण सगळे जण ऑपरेशनमध्ये काढलेल्या पहिल्या गाठी तपासत होते आणि तिथे ते शंभरात एकीतही मिळत नाही. २०१३ ला पसरलेल्या आजारातल्या गाठी तपासल्या तेव्हा ढिगानं सापडले. पसरल्यावर लेट्रोझोलसारखं औषध बराच काळ घेतलेल्या बायकांत २० ते ४० टक्क्यांमध्ये.

म्हणजे मावशीनं काय केलं? तिनं औषध नीट घेतलं. एवढंच.

सांवेरचा_शेतकरी
सई ताई, मी शाळा कमी शिकलो पण हे मला झटकन समजलं, कारण आमच्या सोयाबीनमध्ये हेच चालतं. एकच तणनाशक सात-आठ वर्षं मारलं. पहिल्या वर्षी शेत साफ. दुसऱ्या वर्षी साफ. मग कुठेकुठे एक झाड उभं राहायचं, आपण म्हणायचो पंप नीट फिरला नसेल. पंप बरोबरच होता, ते झाडच वेगळं होतं. त्याचं बी पडलं आणि आता अर्धं शेत तेच. औषध खराब नाही झालं, गडीमाणसानं चूक नाही केली.

सुमेधा_लोकमान्यनगर
दादा, हे मी उद्या मावशीला जसंच्या तसं सांगणार. तिचं माहेर देपालपूरचं, शेतीतलीच आहे ती.

बडोद्याची_सई
दादा, किती नेमकं सांगितलंत. फक्त एक पुस्ती जोडते. तण तग धरायचे एकाहून जास्त रस्ते असतात तसे इथेही आहेत. काही पेशींत डबा तसाच राहतो पण पेशी वाढीसाठी दुसरी लाइन जोडून घेते. पीआय-थ्री-के नावाची एक साखळी आहे, ती सतत चालू ठेवणारा बदल हॉर्मोनवाल्या कॅन्सरपैकी जवळजवळ ४० टक्क्यांत असतो. कधी हर-टू ह्या वाढीचा निरोप देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचा जोर वाढतो. आणि काही गाठी ईआर टाकूनच देतात, डबाच नाही घरात, मग हॉर्मोनचं कुठलंच औषध कशावर काम करणार? शिवाय काहींत मणी वगैरे काही बदललेलं नसतं, पेशी नुसती वागणूक बदलते.

म्हणून सुमेधा, आता डॉक्टरांना "का झालं" ह्यापेक्षा "आता ते काय झालंय" हे विचार. नव्या जागेची बायोप्सी होऊ शकते का, ईआर-पीआर-हर-टू परत बघणार का (पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या हॉर्मोनला ओळखणारं प्रथिन), आणि रक्तातून ईएसआर-वन तपासता येईल का. २०१६ च्या रिपोर्टवर २०२५ चा आजार ठरवू नका म्हणावं.

टिळकनगरची_काकू
मी हे आजवर कुठे लिहिलं नाही. इथे लिहिते कारण मावशींचे ते दोन दिवस माझ्या मनाला लागले.

माझं ऑपरेशन २०१८ ला झालं. लेट्रोझोल सुरू झाली आणि सहा महिन्यांत बोटं अशी आखडली की सकाळी लोणच्याची बरणी उघडेना, वेणी घालता येईना. गुडघे तर विचारूच नका. डॉक्टरांकडे गेले की ते विचारायचे काय कसं काय, मी म्हणायची छान आहे. का म्हणायची ते आजही कळत नाही. वाटायचं इतका मोठा आजार बरा केला आणि मी दुखण्याची रड काय गाते. आणि मग एक दिवस गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही. रोज पाकिटातून एक काढायची आणि तुळशीत पुरायची, म्हणजे सुनेला पाकीट रिकामं दिसावं. चार महिने असं चाललं.

शेवटी सुनेलाच तुळशीच्या मातीत त्या पिवळ्या गोळ्या दिसल्या. ती ओरडली नाही, नुसती माझ्या शेजारी बसून रडली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, काकू हे आधी सांगायचं होतंत, निम्म्या बायकांना हा त्रास होतो. गोळी बदलून एक्झेमेस्टेन दिली, व्हिटॅमिन डी बघितलं, हाडांची तपासणी केली, चालायला लावलं. दुखणं गेलं नाही पण वेणी घालता येते. पुढची सगळी वर्षं नीट घेतली.

तेव्हा मावशींना म्हणावं, दोन दिवस नाही, मी चार महिने चुकवलेली बाई बोलतेय, आणि मलाही कोणी दोष दिला नाही. गोळी न घेणं वेगळं आणि घेऊनही न चालणं वेगळं. मावशींचं दुसरं आहे.

वॉर्ड_सिस्टर
काकू, तुमच्या सुनेला माझा नमस्कार सांगा. आणि बाकीच्यांनी लक्षात घ्या, अशा काकू घरोघरी आहेत. अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या बायकांनी ठरलेली वर्षं ठरल्याप्रमाणे पूर्ण गोळी घेतली नव्हती. विचारायचं कसं तर "गोळी घेतेस ना?" असं नाही, त्याला सगळ्या हो म्हणतात. "गोळीनं काय काय त्रास होतो?" असं विचारा.

कान्हकाठ
सोयाबीनचं कोणी बोललंच नाही पुढे. आमच्याकडे पण आईच्या ऑपरेशननंतर आत्यानं सोयावडी, सोया चाप सगळं बंद करवलं, म्हणे त्यात बायकांचं हॉर्मोन असतं. इंदुरात राहून सोयाबीन बंद म्हणजे तेल पण बदला, आई वैतागली आहे.

बडोद्याची_सई
सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी दिसणारी वनस्पतीची द्रव्यं असतात हे खरं, भीती तिथूनच आली. पण ती त्या डब्यात फार सैल बसतात. शांघायमध्ये पाच हजारांवर स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांचा पाठपुरावा केला होता, २००९ ला छापून आला. त्यात जेवणातून सोया जास्त खाणाऱ्यांत आजार परतणं आणि मृत्यू दोन्ही कमीच दिसले, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांतही. जेवणातली वडी, टोफू, दूध ह्याला भ्यायचं कारण नाही. अर्क काढून बनवलेल्या कॅप्सूल आणि पावडरी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ती गोष्ट वेगळी आहे. आणि तेलात ती द्रव्यं जवळजवळ नसतातच.

कान्हकाठ
आईला वाचून दाखवलं. रात्री सोयावडीची भाजी झाली. आत्या अजून फोनवर बोलायला तयार नाही. 😊

सांवेरचा_शेतकरी
आत्यांना आमच्याकडे पाठवा, शेतावर बसवून गरम गरम भाजी खिलवतो, राग पळून जाईल.

ग्वाल्हेरकर
उशिरा आलो, पूर्ण धागा वाचला. माझं वय ७४, थोडं जुनं सांगतो.

माझ्या आईला हा आजार १९६८ साली झाला. तेव्हा गोळी नव्हतीच. पसरल्यावर डॉक्टरांनी तिची दोन्ही अंडाशयं काढली. आम्हा पोरांना कळेना, आजार छातीचा आणि ऑपरेशन पोटाचं का. वडील चिडले होते. पण आई त्यानंतर दीड वर्ष खरोखर चांगली होती, माझी मुंज व्हायची राहिली होती ती तिनं स्वतः उभं राहून केली. मग आजार उलटला.

पुढे मी वाचलं की ही युक्ती १८९६ ची आहे. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन नावाचे सर्जन, त्यांनी असंच केलं होतं आणि गाठी विरघळताना पाहिल्या. हॉर्मोन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. आणि त्यांनाही हेच दिसलं, काही काळ बरं वाटतं आणि मग परत. म्हणजे सुमेधा, तुझा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. माझ्या वडिलांनी मरेपर्यंत मानलं की आपण ऑपरेशनला उशिरा हो म्हटलं म्हणून ती गेली. त्यांना हे मणी आणि झाकण कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

छप्पन
काका 🙏

दवाबाजार
ग्वाल्हेरकर काका, तुमच्या आईंच्या वेळी टॅमॉक्सिफेन प्रयोगशाळेत होतं. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन ह्या बाईंनी ते पहिल्यांदा बनवलं, १९६२ ला. शोधायला निघाले होते गर्भनिरोधक, त्यासाठी ते कामाचं निघालं नाही. इंग्लंडमध्ये कॅन्सरसाठी १९७३ ला मंजूर झालं, अमेरिकेत १९७७ ला. आज तीच गोळी माझ्या फळीवरच्या सगळ्यात स्वस्त कॅन्सरच्या औषधांत आहे.

किमतीवरून आठवलं, पॅल्बोसिक्लिबचं पेटंट आपल्याकडे जानेवारी २०२३ ला संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या. त्याच्या आधी मी माणसं चिठ्ठी हातात घेऊन भाव ऐकून परत जाताना पाहिलीत. मावशींना २०२३ ला सुरू झालं म्हणजे अगदी वेळेवर.

निसर्गमित्र
वाचतो आहे सगळं. काकूंचं तुळशीचं वाचून वहिनीला फोन केला. विचारलं, गोळी का सोडली होतीस खरं सांग. म्हणाली रात्रभर घाम यायचा, अंगातून वाफा निघायच्या, झोप नव्हती आणि दादाला सांगायची लाज वाटायची. निसर्गबिसर्ग काही कारण नव्हतं, ते मी ठरवलं होतं. येत्या सोमवारी तिला जुन्या डॉक्टरांकडे नेतोय. योगावर माझा विश्वास कायम आहे, ते सांगून ठेवतो.

टिळकनगरची_काकू
योग मीही करते, चालू ठेवा. वाफांवर पण औषध असतं हे वहिनींना सांगायला सांगा डॉक्टरांना. आणि वहिनी एकट्या बोलू शकतील असं बघा, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा.

निसर्गमित्र
थांबेन.

राऊ_बडोदा
एक वेगळं विचारू का, हसू नका. माझ्या वडिलांना हाच आजार आहे आणि त्यांना टॅमॉक्सिफेनच चालू आहे. पुरुषांतही रेझिस्टन्स येतो का? ते कोणाला सांगत नाहीत, हॉस्पिटलला जाताना पण हर्नियासाठी जातो म्हणतात.

वॉर्ड_सिस्टर
कोण हसेल. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये एक पुरुष असतोच आणि पुरुषांतले बहुतेक हॉर्मोनवालेच असतात. गोळी तीच, हो, रेझिस्टन्सही येऊ शकतो, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि डॉक्टरांना रक्ताच्या नात्यातल्या आजाराची तपासणी विचारा, बीआरसीए नावाच्या जनुकांची. पुरुषाला हा आजार झाला की ती करायला सांगतातच. तुमच्यासाठी आणि बहिणी असतील तर त्यांच्यासाठी कामाची आहे.

राऊ_बडोदा
दोन बहिणी आहेत. विचारतो. आभार.

सुमेधा_लोकमान्यनगर
तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये खूप धावपळ झाली. अवंतिका एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन आलो, दुसरं मत घेतलं, मग इथेच उपचार करायचे असं ठरलं.

सईनं सांगितलेले तिन्ही प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते. इथल्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि खुर्ची दाखवली, बसा म्हणाले. यकृतातल्या डागाची बायोप्सी झाली. ईआर अजून भरपूर आहे, आठापैकी आठ. पीआर गेलाय. हर-टू नाही. रक्ताची तपासणी बाहेर पाठवली होती, त्यात ईएसआर-वन निघालं, ५३८ वा मणी. सई, मी रिपोर्टवर तो आकडा बघितला आणि तिथेच भरून आलं. वाईट बातमी होती, तरी पहिल्यांदाच कशाला तरी नाव मिळालं.

मावशीला घरी येऊन सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातला कडीचा डबा काढला आणि झाकण लावून उघडून दाखवलं, मग दादांचं तणाचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग डबा माझ्या हातातून घेतला, दोनतीनदा लावला उघडला, आणि म्हणाली, म्हणजे ओंकारेश्वरचा काही संबंध नाही. मी म्हटलं काही नाही. म्हणाली मग पुढच्या श्रावणात परत जाऊ, त्या वेळी नर्मदेला नीट ओटी भरायची राहिली होती.

आता लेट्रोझोल बंद. फुलवेस्ट्रंटची इंजेक्शनं सुरू करणार आहेत. सोबत दुसरी गोळी कुठली ते पीआय-थ्री-के चा रिपोर्ट आला की ठरेल. मावशीला शुगर आहे आणि त्या साखळीवरचं एक औषध शुगर फार वाढवतं, म्हणून डॉक्टर विचार करतायत. सई, फुलवेस्ट्रंट त्या बंद झाकणाच्या डब्यावर चालेल का?

बडोद्याची_सई
चालू शकतं. ते झाकणाच्या नादी लागत नाही, अख्खा डबाच मोडीत काढायला लावतं, पेशी स्वतःच त्याची विल्हेवाट लावते. बदललेल्या डब्यावर जोर थोडा कमी पडतो, पण लेट्रोझोलसारखं अगदीच निरुपयोगी नसतं. खास ह्याच बदलासाठी तोंडानं घ्यायची गोळीही आली आहे, इलासेस्ट्रंट, अमेरिकेत जानेवारी २०२३ ला मंजूर झाली, डॉक्टरांच्या कानावर घालून ठेव. किती महिने चालेल हे मी सांगू शकत नाही ग, कोणीच नाही. पण ह्या वेळी औषध रिपोर्ट बघून निवडलंय.

टिळकनगरची_काकू
सुमेधा, माझ्या मैत्रिणीला हीच इंजेक्शनं चालू आहेत. दोन असतात, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक, पहिल्या महिन्यात पंधरा पंधरा दिवसांनी आणि मग महिन्यातून एकदा. औषध एरंडेलात कालवलेलं असतं म्हणून घट्ट असतं, सिस्टरला सावकाश द्यायला सांगायचं, एकेकाला एक-दोन मिनिटं लागतात. फ्रिजमधून काढून लगेच द्यायचं नाही, थंडपणा जाऊ द्यायचा. त्या दिवशी मावशींना सैल सलवार घालायला सांग, आणि रिक्षानं नेऊ नको, खड्डे बसतात.

वॉर्ड_सिस्टर
बरोबर सांगितलंत काकू. मी एवढंच म्हणेन की सुई टोचताना ज्या बाजूला टोचतायत त्या पायावर भार द्यायचा नाही, दुखणं कमी होतं.

सुमेधा_लोकमान्यनगर
एरंडेल ऐकून मावशी म्हणाली, लहानपणी आई नाक दाबून पाजायची, आता मागून देतायत! खूप दिवसांनी ती हसली.

पहिलं इंजेक्शन गुरुवारी, सकाळी साडेअकराला.

छप्पन
ताई, रिक्षा नको म्हणाल्या ना काकू. गुरुवारी दहाला गाडी घेऊन येतो. येताना पोहे-जिलबी आणतो, शुगर आहे तर मावशींना नुसते पोहे.